नानांनी सोडलेलं स्टूल

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते नानांनी स्वतःच, भरल्या लाउंजमध्ये, सगळ्यांच्या देखत करून घेतलं. कुणी ढकललं नाही, कुणी मागितलंही नाही. दुसऱ्या सेटमधलं पहिलं गाणं संपलं, पियानोवाल्या मास्तरांनी पान उलटलं, आणि नाना ड्रममागच्या स्टुलावरून उठले. स्टेजच्या कडेला येऊन भिंतीलगतच्या टेबलाकडे हात केला आणि म्हणाले, "या जावईबापू, एक गाणं तुमचंही होऊन जाऊ द्या."

"छे छे, नको हो बाबा," जावई म्हणाले. पण हे म्हणता म्हणता त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलंसुद्धा होतं.

इथवर फारसं बिघडलं नव्हतं. पाहुण्याला एखादं गाणं वाजवू द्यायची पद्धत त्या लाउंजमध्ये जुनीच होती. ऐकायला आलेल्यांत कुणी वाजवणारा असला तर त्यानं विचारायचं, जागेच्या माणसानं हो म्हणायचं आणि गाणं संपेपर्यंत स्टेजच्या कडेला उभं राहायचं. हे उभं राहणं महत्त्वाचं. जागेचा माणूस उभा आहे म्हणजे जागा त्याची आहे आणि पाहुण्याचं एकच गाणं आहे, हे न बोलता सगळ्यांना कळायचं. गाणं संपलं की पाहुणा उठणार, हात मिळवणार, खाली उतरणार. एकदा तर बाहेरगावचा एक नावाजलेला ड्रमर आला होता. त्यालाही नानांनी असंच हाताची घडी घालून, कडेला उभं राहून, एका गाण्यात उतरवला होता.

त्या संध्याकाळी नाना उभे राहिले नाहीत. जावई स्टेजवर चढले आणि नाना खाली उतरून त्यांच्या रिकाम्या खुर्चीत, लेकीशेजारी, ऐसपैस जाऊन बसले. लांबूनं भुवया वर केल्या. लांबू म्हणजे बेस वाजवणारा. हे नाव त्याच्या उंचीवरून पडलं की त्याच्या वाद्याच्या, हे आता त्यालाही आठवत नाही. मास्तरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. त्या कलेत मास्तरांचा हात पियानोपेक्षाही तयार होता.

आता नाना बसले का, हे कळायला नाना कोण ते कळायला हवं.

नानांचा पोटापाण्याचा धंदा इस्त्रीचा. चौकातल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीपाशी ते दिवसभर उभे असत. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, आणि मग सगळ्यात शेवटी पाठ. मनगट असं गोल फिरायचं की इस्त्री चालवतायत की कुणाला थोपटतायत, असा प्रश्न पडावा. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "नानांनी इस्त्री केलेला शर्ट घालायला माणूस लागत नाही, तो आपला आपण कामावर जातो."

तरुणपणी ते एका मोठ्या हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात होते. तिथे माणसं नाचायची, आणि नाना दणकून वाजवायचे. त्यांच्या ड्रमच्या दणक्यानं ट्रेमधले ग्लास वाजतात म्हणून वेटर भांडायला यायचे. आज हे कुणाला सांगून पटणार नाही. नाना सांगतही नाहीत. मग लग्न झालं, एका खोलीत संसार मांडला, चिमी झाली. चिमी रडकी. खाली घरमालक राहायचा, तोही रडकाच. नानांनी रियाजासाठी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि तारांचे ब्रश घेऊन त्यावर ताल धरला. खसखस, खसखस. कागद फाटला तर हात जड पडला असं समजायचं. चिमी त्या आवाजात झोपायला लागली, घरमालकही. दोन वर्षं एकच वर्तमानपत्र पुरवून नानांचा हात इतका हलका झाला की हॉटेलवाल्यांनी त्यांना काढून टाकलं, आणि त्याच हातासाठी लाउंजच्या मालकानं दर गुरुवारी वाजवायला ठेवून घेतलं.

शाळेत बाईंनी चिमीला विचारलं होतं, "बाबा काय करतात?" चिमी म्हणाली, "सकाळी कपडे घासतात, रात्री कागद घासतात." बाईंनी दुसऱ्या दिवशी तिच्या हातात जुने कपडे भरून एक पिशवी पाठवली. नानांच्या बायकोनं ती पिशवी परत नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवली, आणि आठवडाभर नानांशी बोलली नाही.

लाउंजचा तो जुना मालक शहाणा माणूस होता. त्याचा नियम एकच. स्टेजला चिकटून असलेल्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपल्या माणसाच्या कानात हळूच बोलता आलं पाहिजे. "लोक इथे दिवसभर ओरडून येतात," तो म्हणायचा. "आपण त्यांचा आवाज खाली आणायचा. टाळ्या हव्या असतील त्यानं सर्कशीत जावं." नानांनी हा नियम असा पाळला की पुढे पुढे लोकांना स्टेजवर ड्रम आहे हेच दिसेनासं झालं. संभाषणाखाली चादर पसरावी तसा त्यांचा ताल पसरलेला असायचा. चादरीला कोण टाळ्या वाजवणार? नानांचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यांनी आयुष्यात हावरेपणा असा केलाच नाही. एक हौस तेवढी मनात होती: चिमीनं एकदा येऊन ऐकावं.

चिमी कधी आली नव्हती. लहान होती तेव्हा आई म्हणायची, "ती काय पोरीबाळींची जागा आहे?" मोठी झाली तेव्हा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली आणि गुरुवारी संध्याकाळी नेमकी तिची पाळी. मग लग्न झालं. आणि आता लग्नाला वर्ष होतं न होतं तोच, जावयांनीच विषय काढला. जावई स्पीकर आणि म्युझिक सिस्टीम विकणाऱ्या शोरूममध्ये कामाला. मोकळा, हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. "बाबा ड्रम वाजवतात आणि तू ऐकलेलं नाहीस? कमाल आहे तुझी! या गुरुवारी जायचं म्हणजे जायचं."

म्हणजे चिमीला आणलं ते जावयांनीच. हे उपकार पुढे नानांना फार महागात पडले.

त्या गुरुवारी नानांनी स्वतःचा शर्ट दोनदा इस्त्री केला. मास्तरांना आधी जाऊन सांगितलं, "आज पहिल्या सेटमध्ये ते संथवालं घेऊ." ते संथ गाणं म्हणजे नानांचा जीव की प्राण. त्यात ब्रश उचलायचाच नाही. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तारा कातड्यावरून फिरत राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की खोलीच श्वास घेते आहे. नानांनी ते असं वाजवलं की लांबूनं मधेच मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. चिमी मेनूकार्ड वाचत होती. मग तिनं फोन बघितला. मग ती जावयांच्या कानात काहीतरी बोलली, ते हसले आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी वाजवायला लागले. ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली.

मध्यंतरात नाना टेबलाशी गेले.

"कसं वाटलं गं?"

"छान आहे बाबा," चिमी मनापासून म्हणाली. "किती शांत आहे! आरामात बोलता येतं."

जुना मालक जिवंत असता तर त्यानं हे वाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावलं असतं. इतक्या वर्षांत नानांना इतकी चोख पावती कुणी दिली नव्हती. आणि तरी त्यांनी टेबलावरचं मेनूकार्ड उचललं आणि पालथं घालून ठेवलं.

"बाबा, तुमचा माइक बंद होता का?" जावयांनी काळजीनं विचारलं.

"मला माइक नसतो."

"नसतो? अरे! दुकानात सांगतो, एक चांगलासा आणून लावू. माझ्यावर सोडा तुम्ही."

"अहो बाबा, हेसुद्धा वाजवायचे कॉलेजात," चिमी म्हणाली. "आमच्या जेवायच्या टेबलाची वाट लावलीये वाजवून वाजवून. पण काय वाजवतात!" आणि हे म्हणताना तिचे डोळे असे लकाकले की नानांना ती एकदम शाळेतली चिमी दिसली.

तेव्हा नानांच्या मनात पाप आलं. छोटंसंच, पण पापच. त्यांना वाटलं, या माणसाला एक गाणं वाजवू द्यावं. कॉलेजातला हात, टेबल बडवणारा. वाजवील धबाधबा, चुकेल, धावेल. आपण शेजारी बसून चिमीला हळूच दाखवावं, हे बघ, इथे जास्त झालं, इथे ताल सुटला. आणि मग आपण उठावं, स्टुलावर बसावं आणि तेच गाणं पुन्हा धरावं. मग कळेल तिला. म्हणून नाना बसले. शेजारी बसल्याशिवाय कानात कसं सांगणार?

स्टेजवर जावयांनी ब्रश हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "बाबा, साध्या स्टिक नाहीत का?"

"खालच्या पिशवीत बघा," नाना म्हणाले. हॉटेलच्या काळातल्या स्टिक. फेकवत नव्हत्या म्हणून राहिलेल्या.

गाणं सुरू झालं आणि नानांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. जावई चौथ्याच वळणाला धावायला लागले. डावा हात उजव्याच्या मागे, पाय दोघांच्याही पुढे. नाना चिमीकडे झुकले आणि म्हणाले, "ऐकलंस? धावतायत."

"हो ना!" चिमी ओरडली. ओरडायलाच लागलं तिला. "काय वाजवतात!"

आता खरं तर मास्तरांनी लगाम खेचायचा. पियानोवाल्याचं ते कामच. पण मास्तर खेचेनात. मास्तर त्या धावणाऱ्या ड्रममागे, लग्नात पोरं घोड्यामागे पळतात तसे, पळत सुटले. केस कपाळावर आले. लांबू दात काढून हसत होता. त्याला दात आहेत हे नानांना तेव्हा कळलं. टेबलं वळली. पाठ करून बसलेले लोक खुर्च्या सरकवून तोंड करून बसले. कुणीतरी चमच्यानं ग्लासवर ताल धरला. काउंटरमागून मालकीणबाई, म्हणजे त्या जुन्या मालकाची बायको, हात पुसत बाहेर आल्या. नवरा गेल्यापासून त्या कुठल्याच गुरुवारी काउंटर सोडून बाहेर आल्या नव्हत्या.

गाणं संपलं. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. आणि जावयांच्या बाजूनं हे सांगायलाच हवं, की ते लगेच उठले. अर्धे उठून त्यांनी स्टेजच्या कडेला बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"आणखी एक होऊ द्या!" बाई म्हणाल्या. "आणखी एक!" टेबलं म्हणाली.

जावयांनी मास्तरांपुढचा माइक वळवून घेतला. "बाबा? चालेल?"

सगळ्या लाउंजनं नानांकडे बघितलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. आता एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसतं उठून उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. पण भीड ही भिकेची बहीण, आणि जावयाची भीड तर भिकेची थोरली बहीण. ज्याला वर्षभर "अहो, जाहो" केलं, पहिला पाट ज्याला दिला, त्याला चारचौघांत "उतरा खाली" कसं म्हणायचं?

"वाजवा, वाजवा," नाना म्हणाले. "आज तुमचाच दिवस."

भटाला दिली ओसरी अशी एक म्हण आहे. पण त्या म्हणीतला भट निदान स्वतः होऊन पाय पसरतो. इथे यजमानानंच त्याचे पाय धरून पसरून दिले.

तिसऱ्या गाण्याच्या मधेच केव्हातरी चिमीनं बापाच्या हातावर हात ठेवला. लहानपणी रस्ता ओलांडताना ठेवायची तसा. आणि तोंड त्यांच्या कानाशी नेऊन तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही पण कधी असं वाजवायचात का हो?"

तिनं प्रेमानंच विचारलं. म्हणूनच त्याचं खरं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं.

"मी? नाही गं," नाना म्हणाले. "माझं आपलं कागद घासणं."

ती खळखळून हसली. जुना विनोद होता घरातला.

*

लाउंजचे टेबलक्लॉथ नानांच्याच दुकानात यायचे. एरवी कुणीतरी गठ्ठा टाकून जायचं. त्या सोमवारी गठ्ठा घेऊन बाई स्वतः आल्या, तेव्हाच नानांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"नाना, तब्येत काय म्हणते?"

"बरी आहे."

"नाही, वय झालं आता. दिवसभर इथे उभं राहायचं, आणि गुरुवारी तिथे बसायचं." बाईंनी काउंटरवरचा हँगर उचलला, पुन्हा ठेवला. "परवा गल्ला बघितला मी. लोक उठेचनात. तुमचे जावई गुरुवारी मोकळे असतात म्हणाले."

"विचारलंत त्यांना?"

"सहज. ते म्हणाले, बाबांना विचारल्याशिवाय नाही. किती चांगला माणूस मिळालाय तुम्हाला! आणि घरचंच तर आहे, नाना. परक्याला थोडीच देतेय?"

"मालकांचा नियम होता," नाना म्हणाले.

"हो, होता ना." बाई हसल्या. थकलेलं हसू. "त्या नियमानं कर्ज करून गेले ते. हे चहाचे डाग जरा बघून काढा हं."

नाना दुपारी मास्तरांकडे गेले. मास्तर घरी पियानोच्या शिकवण्या घ्यायचे. एक शिकवणी संपून दुसरी यायची होती. मास्तर सफरचंद कापत बसले होते.

"तुला माहीत होतं?" नानांनी विचारलं.

"काय?"

"मास्तर."

"बरं बाबा, माहीत होतं. बाई बोलली मला."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? मी पियानो वाजवतो."

"एवढी वर्षं कुणाच्या तालावर वाजवतोस?"

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. "नाना, खरं सांगू? राग येईल तुला. त्या दिवशी मला घाम आला. कितीतरी दिवसांनी. तुझ्याबरोबर वाजवताना कसं वाटतं माहितीये? पंख्याखाली बसल्यासारखं. फार छान वाटतं, पण झोप येते रे."

"ती झोप मी मेहनतीनं आणायचो," नाना म्हणाले. "त्यासाठीच ठेवलं होतं मला."

"ठेवणारा गेला ना आता." मास्तरांनी सफरचंदाची फोड पुढे केली. "घे. गोड आहे."

नानांनी फोड घेतली. तिथेही नाही म्हणता आलं नाही.

लांबूकडे ते गेलेच नाहीत. त्याचे दात त्यांनी पाहिले होते.

बुधवारी चिमी आणि जावई घरी आले. जावयांनी पेढ्याचा असावा तसा एक खोका आणला होता. उघडला तर आत माइक. "तुमच्यासाठी म्हणून घेऊन ठेवला होता, बाबा," ते म्हणाले आणि मग त्यांनाच काहीतरी चमत्कारिक वाटलं असावं, कारण त्यांनी खोका पुन्हा बंद केला. नानांची बायको स्वयंपाकघराच्या दारात, हातात चाळणी घेऊन, उभी होती.

"बाबा, मी सरळ बोलतो," जावई म्हणाले. "बाईंनी मला विचारलंय. तुमचं मन नसेल तर मी नाही म्हणून सांगतो. आत्ता, तुमच्यासमोर." आणि त्यांनी फोन काढलाही. नुसता देखावा नव्हता तो. नंबर लावून, अंगठा वर धरून ते थांबले होते.

नानांना नुसतं "लावा" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. स्टूल परत, गुरुवार परत, पिशवीतल्या स्टिक पुन्हा पिशवीत. त्यांनी चिमीकडे बघितलं. ती बापाकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा भाव होता: आता दुखणार.

"ठेवा हो तो फोन," नाना म्हणाले. "घरचीच तर गोष्ट आहे."

चिमीनं श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"नक्की ना बाबा? मनापासून?"

"मनापासून."

"मग ते ड्रम..." जावई अडखळले. "म्हणजे ते तुमचेच आहेत ना? की मी माझे बघू?"

"तिथेच राहू द्या. उचलायचे कशाला? डाव्या बाजूचा स्टँड तेवढा सैल आहे, त्याखाली पुठ्ठा लावा."

दोघं गेल्यावर बायकोनं चाळणी आपटली. "तोंडात काय बोळा कोंबला होता का?"

"जावई आहे."

"जावई आहे, तुमचा मालक नाही. तो बिचारा फोन हातात धरून उभा होता! त्याला वाईट म्हणायची सोयही ठेवली नाहीत तुम्ही."

"चिमीकडे बघितलंस का तू?"

"बघितलं," बायको म्हणाली. "तिला काय, कुणीही वाजवलं तरी ती नाचणारच. बाप वाजवत होता हे तिला कधी कळलंय? आणि कळणार कसं? तुम्ही काय वाजवता हे मला तरी कुठे कळलंय एवढ्या वर्षांत?"

हे ती भांडण म्हणून बोलली. पण बोलून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं, की हे भांडणातलं नव्हतं. ती आत गेली आणि बराच वेळ उगाच भांडी लावत राहिली.

*

गुरुवारी नाना दुकानातून घरी आले, शर्ट बदलला आणि सवयीनं निघाले. निघाल्यावर अर्ध्या रस्त्यात त्यांना आठवलं की आपल्याला तिथे काही काम नाही. परत फिरणं बरं दिसलं नसतं. कुणाला, असं विचाराल तर रस्त्यावर ओळखीचं कुणीही नव्हतं. पण नाना म्हणजे असे.

लाउंजमध्ये गर्दी होती. वेटरनं त्यांना बघून इकडेतिकडे नजर फिरवली आणि स्टेजला चिकटून एक छोटं टेबल होतं, तिथे बसवलं. पलीकडच्या एका टेबलावर चिमी होती. तिनं हात हलवला, पण मधे चार खुर्च्या. तिनं दवाखान्यातली पाळी बदलून घेतली होती. आता दर गुरुवारी येणार म्हणून आईला फोनवर सांगत होती म्हणे, "शनिवारी करीन गं जास्तीचं, गुरुवार नाही चुकवता येणार."

शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं. मुलगा मुलीच्या कानात काहीतरी सांगत होता. ती "काय?" म्हणाली. तो पुन्हा सांगायला लागला. ती पुन्हा "काय?" म्हणाली. मग तिनं नाद सोडला आणि टाळ्या वाजवायला लागली. नाना त्या दोघांकडेच बघत होते. तो काय सांगत होता हे आता तिला कधी कळणार, या विचारात ते इतके गुंतले की आपलं नाव निघाल्याचं त्यांना उशिरा समजलं.

"माझे सासरे!" जावई माइकवर सांगत होते. माइक नवा होता. "ज्यांनी मोठ्या मनानं मला ही जागा दिली. जरा जोरदार टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. जोरदार झाल्या. मास्तरांनी तर उभं राहून वाजवल्या. नानांनी मान लववली. आयुष्यभर त्या स्टेजवर वाजवून जे मिळालं नाही ते तिथून उठल्याबद्दल मिळत होतं, आणि ते घेताना चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. चिमी अभिमानानं आधी बापाकडे, मग नवऱ्याकडे बघत होती. बापाकडे थोडं कमी.

दुसरा सेट सुरू होता होता ते उठले. दाराशी वेटर आडवा आला. हा वेटर जुना, नानांच्याच बरोबरीचा. इतक्या गुरुवारी मध्यंतरात त्यानं न मागता नानांपुढे लिंबूसोडा आणून ठेवला होता. आजही ठेवला होता. आता त्याच्या हातात ताटली होती आणि ताटलीत दुमडलेला कागद.

"नाना, माझ्यावर रागावू नका. बाई म्हणाल्या, वाजवणाऱ्यांना माफ. टेबलावर बसतात त्यांचं..." तो ताटलीकडे बघून बोलत होता. "मी म्हटलं त्यांना. दोनदा म्हटलं."

"अरे, बरोबरच आहे," नाना म्हणाले आणि खिशात हात घातला. एका खिशात किल्ली होती. दुसऱ्यात रुमाल. गुरुवारी ते पाकीट आणत नसत. मांडीला टोचतं, पेडलवरचा पाय अडखळतो.

"जावयांकडून घेऊ?" वेटरनं हळूच विचारलं. हळूच म्हणजे त्याला ओरडावंच लागलं.

"त्यांना सांगशील तर खबरदार! चिमीलाही नाही. पुढच्या गुरुवारी येतो ना मी. देतो."

"सावकाश द्या हो नाना."

पुढच्या गुरुवारी नानांनी दुकान बंद होईपर्यंत इस्त्री केली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मालकानं "घरी जा आता" म्हटलं तर चिडून म्हणाले, "पडदे राहिलेत." हल्ली गुरुवारी ते पडदेच घेतात. पैसे कुणाकरवी पाठवायचे म्हटले तर कशाचे ते सांगावं लागणार, आणि स्वतः जायचं म्हटलं तर आत टेबलावर बसावं लागणार. मधे एकदा तो वेटर दुकानात आला होता, युनिफॉर्मचा कोट घेऊन. नानांनी तो कोट त्याच्यासमोर इस्त्री करून दिला, खांद्याची घडी पुन्हा एकदा नीट केली. दोघं पावसापाण्याचं बोलले. कोटाचे पैसे वेटरनं रोख मोजून काउंटरवर ठेवले. नानांनी ते गल्ल्यात टाकले, कारण ते मालकाचे होते. लिंबूसोड्याचं दोघांपैकी कुणीच काढलं नाही, आणि ते पैसे अजून तसेच राहिलेत.